परभणीत राहून सिनेमा काढता येतो का?

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड इथली कॉलेजातली मुलं हा प्रश्न नेहमी विचारतात. त्यात आणखी दोन प्रश्न दडलेले असतात. मुंबईत ओळख नसेल तर पैसा कोण देणार? आणि समजा सिनेमा काढला, पुरस्कारही मिळाला, तर त्यावर पोट भरतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘हो’ असं आहे. बाकीच्या दोन्हींची उत्तरं लांबलचक आहेत. ती समजून घेण्यासाठी सिनेमावाल्याच्या धंद्याची वाट टप्प्याटप्प्याने चालून पाहावी लागेल.

1. स्वतंत्र म्हणजे कोणापासून?

ज्या चित्रपटामागे मोठी कंपनी किंवा स्टुडिओ नाही, आणि गोष्ट कोणती सांगायची, कोणाला घ्यायचं, शेवट काय करायचा हे दिग्दर्शक स्वतः ठरवतो, त्याला स्वतंत्र चित्रपट म्हणतात. स्वस्तात काढलेला प्रत्येक सिनेमा स्वतंत्र असतोच असं नाही. निर्णय कोणाच्या हातात आहेत, यावर ते ठरतं.

या अर्थाने आपल्याकडचा पहिला मोठा सिनेमावालाच स्वतंत्र होता. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके विमा पॉलिसी गहाण टाकून 1912 साली लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परत आले. कॅमेरा आला, पण चित्रपटाला भांडवल नव्हतं. पैसेवाल्यांना पटवायचं कसं? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज त्याची थोडी थोडी फिल्म घेतली. असं साधारण महिनाभर चाललं. ती फिल्म पडद्यावर सलग लावली, तेव्हा दाण्याला कोंब फुटून वेल वर चढताना लोकांना मिनिटाभरात दिसला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही छोटी फिल्म पाहून कर्ज देणारा माणूस भेटला. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

नव्या दिग्दर्शकाने हा वाटाणा नीट लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं. पैसे मागायला जाताना फाळक्यांनी नुसती स्वप्नं सांगितली नाहीत, काहीतरी करून दाखवलं. आज हेच काम लघुपट करतो.

2. परभणी शहरापेक्षा लहान देश

थोडं दूर जाऊ. पॅसिफिक महासागरात सामोआ नावाचा बेटांचा देश आहे. त्याची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत एकट्या परभणी शहराची लोकसंख्या 3,07,170 होती. म्हणजे अख्खा देश आपल्या जिल्ह्याच्या गावाएवढासुद्धा नाही. त्या देशात जन्मलेल्या तुसी तामासेसे यांनी 2011 साली ‘द ओरेटर’ हा सामोअन भाषेतला चित्रपट केला. त्याचा नायक अळकुड्या पिकवणारा, ठेंगणा, गावात मान नसलेला शेतकरी आहे. त्या भूमिकेसाठी व्यावसायिक नट घेतला नव्हता. पैसा आला न्यूझीलंडच्या सरकारी चित्रपट आयोगाकडून. व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला आणि न्यूझीलंडने तो ऑस्करसाठी पाठवला.

असा चित्रपट घरच्या प्रेक्षकांच्या तिकिटांवर उभा राहूच शकत नाही, कारण घरचा प्रेक्षक मुळातच मूठभर असतो. गोष्ट घरची असली तरी पैसा बाहेरून येतो आणि पहिली दादही बाहेरूनच मिळते. मराठी स्वतंत्र चित्रपटाची गत फार निराळी नाही. मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर आहेत, पण लहान मराठी सिनेमासाठी तिकीट काढणारे त्यातले किती? जिल्ह्याच्या गावी बसून सिनेमा काढणारा माणूस, समुद्र नसला तरी, एका अर्थाने बेटावरच असतो.

3. पैसा कुठून येतो?

पहिला मार्ग म्हणजे स्वतःचं विकणं. शिरूर तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’साठी जमीन विकली. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या धनगर कुटुंबाची ही गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये मान मिळाला आणि 2015 मध्ये ती चित्रपटगृहात आली. ही कहाणी ऐकून अंगावर काटा येतो, पण तिचं अनुकरण करा असं मी कोणालाही सांगणार नाही. जमीन विकून सिनेमा काढलेले आणि पुढे नाव कधीच ऐकू न आलेले लोकही असतातच. त्यांच्यावर लेख येत नाहीत.

दुसरा मार्ग मित्रांचा. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ असाच जमवाजमवीतून उभा राहिला आणि त्याने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ आणलं. 1954 साली ‘श्यामची आई’ने ते मिळवलं होतं. मराठीकडे ते परत यायला पन्नास वर्षं लागली. पुढे ऑस्करच्या प्रचारासाठी लोकांनी वर्गणी काढली. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ची गोष्ट वेगळी. विवेक गोम्बर या नट-मित्राने त्यांना आधी निवांत लिहिता यावं म्हणून पोटापुरते पैसे दिले, नंतर चित्रपटाचा निर्माता झाला आणि त्यात वकिलाची भूमिकाही केली. लिहिण्याच्या काळातले पैसे हा या धंद्यातला सगळ्यात दुर्लक्षित खर्च आहे. कॅमेऱ्याच्या भाड्याचा हिशोब सगळे मांडतात, पटकथा लिहिणारा वर्षभर काय खाणार हे कोणी विचारत नाही.

तिसरा मार्ग निधी आणि कार्यशाळांचा. निधी म्हणजे परत न करण्याचे पैसे. ते पटकथा वाचून दिले जातात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम महोत्सवाचा ह्यूबर्ट बाल्स निधी 1988 पासून अशी मदत करतो, आणि ‘कोर्ट’ला ती मिळाली होती. गोव्यात दर नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या जोडीने एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजार भरतो. तिथे अर्धवट झालेले चित्रपट जाणकारांना दाखवता येतात, परदेशी सहनिर्माते भेटतात. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ अशाच पटकथा-शिबिरांतून आणि व्हेनिसच्या तरुण दिग्दर्शकांसाठीच्या उपक्रमातून घडत गेला.

चौथा मार्ग सरकारी अनुदानाचा. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना दर्जा ठरवून अनुदान देतं. गेली काही वर्षं ‘अ’ दर्जाला 40 लाख आणि ‘ब’ दर्जाला 30 लाख असं गणित होतं. मात्र हे पैसे चित्रपट पूर्ण होऊन सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळाल्यावरच मागता येतात. त्यामुळे अनुदानाच्या भरवशावर चित्रीकरण सुरू करणारा माणूस मध्येच अडकतो.

4. जेऊरचा माणूस

आता एक कारकीर्द जवळून पाहू. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातलं जेऊर हे नागराज मंजुळे यांचं गाव. घर वडार समाजातलं, गरिबीचं. पुण्यात मराठीत एम. ए. आणि अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात जनसंवादाचं शिक्षण. ते मुंबईच्या स्टुडिओत कोणाचे सहायक म्हणून वर आले नाहीत, त्यांनी सुरुवात कवितेपासून केली. मग ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ लागलेल्या पारधी पोराची ही गोष्ट जेमतेम पंधरा मिनिटांची आहे. तिला पदार्पणातल्या कामासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मंजुळेंचा वाटाणा तो हाच.

त्या जोरावर ‘फँड्री’ झाला. डुकरं पकडणाऱ्या कुटुंबातला जब्या वर्गातल्या शालूवर जीव लावून आहे. जब्याची भूमिका केम गावच्या सोमनाथ अवघडे या मुलाने केली. तो हलगी वाजवायचा. त्याने कॅमेरा कधी पाहिला नव्हता आणि सिनेमात कामही करायचं नव्हतं. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटातला एक प्रसंग पाहा. गावातून डुकराचा पाठलाग चालू आहे, डुक्कर हाताशी आलंय, आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. बाप, आई, बहिणी, जब्या, सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर निघून जातं. थोड्या वेळाने मेलेलं डुक्कर काठीला बांधून, खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीजवळून जातात. त्या भिंतीवर महापुरुषांची चित्रं रंगवलेली आहेत. एकही संवाद नाही.

हा प्रसंग महागड्या यंत्राने होत नाही. शाळेची भिंत कशी असते, राष्ट्रगीत नेमकं कधी लागतं, त्या वेळी कोण उभं राहतं आणि कोणाचं काम बुडतं, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो सुचतो. स्वतंत्र दिग्दर्शकाचं खरं भांडवल हेच, आणि ते परभणीत पोत्यांनी भरलेलं आहे. गंगाखेडच्या जनाबाईंपासून ते ‘आलोक’ या कथासंग्रहासाठी 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवलेल्या आसाराम लोमटे यांच्यापर्यंत या जिल्ह्याने कष्टणाऱ्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या आहेत. त्यातलं पडद्यावर फारच थोडं आलं आहे, आणि याची मला खंत वाटते.

गावातल्या गोष्टीला गावाबाहेरची कागदपत्रंही लागतात. चित्रपटात बैल, शेळी, कोंबडं काहीही वापरायचं तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची परवानगी लागते. त्याचं मुख्यालय हरियाणात फरिदाबादजवळ बल्लभगडला आहे. पोळ्याचा एक प्रसंग घ्यायचा, तरी हे काम चित्रीकरणाच्या आधी उरकावं लागतं. ते राहिलं तर पुढे सेन्सॉरला अडतं, कारण प्रमाणपत्राशिवाय चित्रपटगृहात चित्रपट लावता येत नाही.

5. महोत्सव नेमकं काय करतो?

सिनेमा तयार झाला, पण दिग्दर्शकाचं नाव कोणाला माहीत नाही. अशा वेळी महोत्सव साक्षीदाराचं काम करतो. जगभरातून आलेल्या हजारो चित्रपटांतून निवडणारी मंडळी थोडे चित्रपट निवडतात आणि त्यांची निवड वितरक, समीक्षक आणि पुढच्या चित्रपटाला पैसे देणारे लोक गांभीर्याने घेतात. मोठ्या महोत्सवांची एक अट असते: चित्रपट तिथेच पहिल्यांदा दाखवला गेला पाहिजे. म्हणून उत्साहाच्या भरात आधी कुठेतरी जाहीर खेळ लावला किंवा चित्रपट इंटरनेटवर चढवला, तर ती दारं बंद होतात. गावाकडच्या नव्या मुलांची इथेच फार गफलत होते.

‘कोर्ट’ने 2014 मध्ये व्हेनिसला दोन मोठी पारितोषिकं जिंकली. त्यातल्या लोकशाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती. कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील वारल्यावर दहा दिवस मूळ गावी राहावं लागलं आणि त्या दिवसांतही नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहिले, या अनुभवातून कानवडेंना ती गोष्ट सुचली. मुंबईच्या वस्तीतलं बालपण, आधीचं काम घरांच्या अंतर्गत सजावटीचं, आणि चित्रपटाचं औपचारिक शिक्षण नाही. तरीही अशा निवडीसाठी त्यांनी काही वर्षं थांबून पटकथा घासली.

6. पट्टी हातात किती पडते?

आता सगळ्यात अवघड भाग. सोयाबीन पिकवणं एक आणि ते मोंढ्यात विकणं दुसरं, हे परभणीच्या वाचकाला सांगायला नको. आडत, हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी हातात पडते, तेव्हाच कळतं पिकलं किती आणि उरलं किती. सिनेमाची पट्टी अशी बनते.

समजा तिकीट 118 रुपयांचं आहे. 100 रुपयांपेक्षा महाग तिकिटावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 18 रुपये गेले. राहिले 100. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात साधारण निम्मा वाटा चित्रपटगृहाचा असतो. राहिले 50. दुसऱ्या आठवड्यात आपला वाटा साडेबेचाळीसवर, तिसऱ्यात साडेसदतीसवर आणि पुढे तीसवर येतो. पण आपण पहिलाच आठवडा धरू. वितरक दहा टक्के घेतो असं मानू. हातात पडले 45 रुपये.

चित्रपटाला एक कोटी खर्च आला असेल तर तो भरून निघायला 1,00,00,000 भागिले 45, म्हणजे सुमारे 2 लाख 22 हजार तिकिटं विकली गेली पाहिजेत. परभणी जिल्ह्याची 2011 ची लोकसंख्या 18,36,086 आहे. म्हणजे लहानथोर धरून जिल्ह्यातल्या दर आठ माणसांतल्या एकाने पहिल्याच आठवड्यात तिकीट काढायला हवं. यात जाहिरातीचा खर्च धरलेलाच नाही.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. मोठा हिंदी सिनेमा त्याच शुक्रवारी लागला आणि आपल्या वाट्याला प्रत्येक ठिकाणी दिवसातून एकच खेळ आला, तोही सकाळी अकराचा. दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात पन्नास माणसं आली. सात दिवसांत 350. या वेगाने 2 लाख 22 हजार प्रेक्षक गाठायचे तर सुमारे 635 पडदे लागतील. एवढे पडदे लहान मराठी चित्रपटाला कोण देणार? आणि सोमवारी आकडे कमी दिसले की शुक्रवारी तो एक खेळही जातो. गावात बातमी पसरून माणसं निघेपर्यंत सिनेमा उतरलेला असतो.

कऱ्हाडेंच्या 2023 मधल्या ‘टीडीएम’च्या वेळी नेमकं हेच झालं. खेळ मिळत नाहीत म्हणून दिग्दर्शकाला लोकांसमोर येऊन गाऱ्हाणं मांडावं लागलं, आणि तोवर त्यांच्या नावावर दोन गाजलेले चित्रपट होते. प्रेक्षक मराठी सिनेमा बघत नाहीत, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धसत्य वाटतं. बघायची इच्छा असलेल्या माणसाला जवळच्या थिएटरात, सवडीच्या वेळी तो सिनेमा मिळतो का, हे आधी तपासलं पाहिजे.

ओटीटीमुळे हा प्रश्न थोडा सुटला. ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ 2020 मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता, पटकथेचं पारितोषिक घेऊन आला आणि 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. पाथरीतला माणूसही तो त्याच दिवशी पाहू शकला. पण ओटीटीवाले आता नावाजलेले किंवा थिएटरात चाललेले चित्रपट आधी घेतात. त्यामुळे अनोळखी दिग्दर्शकाने ते उत्पन्न गृहीत धरू नये.

7. दुसरा सिनेमा

पहिला चित्रपट माणूस कर्ज काढून, हट्टाने, मित्रांना वेठीस धरून करतो. कारकीर्द ठरते ती दुसऱ्यावर. तामासेसे यांचा दुसरा चित्रपट सहा वर्षांनी आला, ‘कोर्ट’नंतर ‘द डिसायपल’लाही सहा वर्षं लागली. ताम्हाणेंना मधल्या काळात मेक्सिकोचे दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन यांचं मार्गदर्शन मिळालं. सगळ्यांना ते मिळत नाही. मधली वर्षं जाहिराती, मालिका, अभिनय, शिकवणं यांवर निघतात.

मंजुळेंच्या वाट्याला दुसऱ्यांदा जे आलं ते अपवादात्मक आहे. ‘फँड्री’ फेब्रुवारी 2014 मध्ये लागला, ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 ला. सोलापूर जिल्ह्यातलीच बोली, अकलूजची रिंकू राजगुरू, पण या वेळी पाठीशी मोठी कंपनी होती आणि अजय-अतुलचं संगीत. तोवरच्या मराठी चित्रपटांतली सर्वांत मोठी कमाई त्याने केली. स्वतंत्र दिग्दर्शक मोठ्या कंपनीकडे गेला की तो बिघडला, असं मानणाऱ्यांनी ‘सैराट’चा शेवट पुन्हा पाहावा. काय दाखवायचं हे त्या माणसानेच ठरवलेलं आहे.

फाळक्यांची अखेर मात्र वेगळी झाली. भागीदारांशी न जमल्याने ते मध्येच काशीला निघून गेले, परत आले. बोलपट आल्यावर त्यांचा मूकपट ‘सेतुबंधन’ मागे पडला. 1937 मध्ये कोल्हापुरात ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट झाला. 1944 मध्ये नाशकात ते गेले, तेव्हा ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला तो त्यांच्यापासून फार लांब गेला होता. म्हणून यश मिळालेल्याने मागून येणाऱ्याला हात देणं महत्त्वाचं. ‘साबर बोंडं’ 19 सप्टेंबर 2025 ला आपल्याकडे प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला पाठबळ देणाऱ्यांत नागराज मंजुळे आणि सई ताम्हणकर यांची नावं होती.

8. परभणीतून सुरुवात

दहा-पंधरा मिनिटांचा लघुपट, स्वतःच्या गावात, ओळखीच्या माणसांना घेऊन. मोबाइलवर घेतला तरी चालेल, पण आवाजासाठी वेगळा माइक घ्या. चित्र थोडं मळकट असलं तर प्रेक्षक सांभाळून घेतो, संवाद ऐकू आला नाही तर उठून जातो. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट गावोगावी छोटे अभ्यासक्रम घेते, त्यांवर लक्ष ठेवा. छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने तिथे जाता येतं आणि जगभरचे सिनेमे पाहायला मिळतात. लघुपट पाठवण्याआधी इंग्रजी उपशीर्षकं बोली जाणणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या, कारण आपल्याकडच्या म्हातारीच्या तोंडचं वाक्य पुण्यातल्या माणसालाही कधी कधी नीट लागत नाही. आणि पहिल्या निवडीचं पत्र येईपर्यंत तो यूट्यूबवर टाकू नका.